नानांची वही

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना वाक्यं थोडी नीट लावली आहेत, पण बोलले तेच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी कॉम्प्युटरवाली, तेव्हा ते साहजिकच होतं. तयारीही केली होती. पण काल संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊन आले, येताना शाळेच्या मागच्या गल्लीतून आले आणि ठरवलं की ते भाषण राहू दे. तो विषय तुम्हाला मोबाइलवर कुणीही ऐकवेल. आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांच्याबद्दल मात्र मीच बोलले नाही तर या शाळेत कुणी बोलणार नाही.

ते आपल्या शाळेचेच. १९६० साली इथून अकरावी झाले. तेव्हा एसएससी अकरावीला असायची, हे सरांना आठवत असेल. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. पूर्ण नाव मी घेणार नाही. त्यांच्या लेकीने तसं सांगितलं आहे आणि नानांनाही भिंतीवर नाव लावलेलं कधी आवडलं नसतं.

मी जानेवारी २००५ मध्ये कंपनीच्या कामावर न्यू जर्सीला गेले, एडिसन या गावी. तिथे ओक ट्री रोड म्हणून एक रस्ता आहे. त्या रस्त्यावर तुम्हाला कढीपत्त्यापासून मंगळसूत्रापर्यंत सगळं मिळतं. पहिलं वर्ष कसंबसं गेलं आणि फेब्रुवारीत कराचं विवरणपत्र भरायची वेळ आली. अमेरिकेत ती मुदत साधारण १५ एप्रिलला संपते. माझ्या हातात कंपनीने दिलेला डब्ल्यू-२ नावाचा कागद, आणि पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. इंजिनीअर असले तरी मला जमा आणि नावे यातला फरकही धड माहीत नव्हता. ऑफिसातला एक जण म्हणाला, "मराठी आहेस ना? मग नानांकडे जा. शनिवारी सकाळी. पाच डॉलर सुटे घेऊन जा."

नानांच्या घराच्या तळघरात सहा-सात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि सगळ्या भरलेल्या होत्या. दवाखान्यात बसतात तशी माणसं मांडीवर फाइल घेऊन बसलेली. कोपऱ्यात टेबल, टेबलावर कागदाची गुंडाळी लावलेलं आकडेमोडीचं जुनं यंत्र, आणि लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही. आपल्याकडे अडत दुकानात असायची तशीच. माझा नंबर आला तेव्हा नानांनी वर न बघता विचारलं, "गाव?"

"कराड."

"शाळा?"

मी शाळेचं नाव सांगितलं. मग त्यांनी वर बघितलं. "तुमच्या वेळी घंटा होती का?"

मी म्हटलं, "घंटा नाही, रुळाचा तुकडा टांगलेला होता. अजून आहे."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का, रूळ अजून आहे म्हणते ही." वरून काकूंचा आवाज आला, "तिला चहा साखरेचा की बिनसाखरेचा ते विचारा आधी."

तेव्हापासून माझं त्या घरी जाणं-येणं सुरू झालं.

नाना तुमचं विवरणपत्र भरून देत नसत. पेन्सिल तुमच्या हातात देत आणि म्हणत, "आधी तू मांड. चुकलीस तर मी आहे." मला तेव्हा याचा वैताग यायचा. पाच मिनिटांत जे काम त्यांनी केलं असतं त्याला पाऊण तास लागायचा आणि मागे रांग वाढत जायची. पण तिसऱ्या वर्षी मी माझा फॉर्म १०४० घरूनच भरून नेला आणि त्यांनी फक्त सही केली. त्यांना तेच हवं होतं.

विद्यार्थ्यांवर त्यांचा विशेष जीव. शिकायला आलेली पोरं ग्रंथालयात किंवा प्रयोगशाळेत थोडं काम करायची, चार पैसे मिळायचे आणि त्यातला कर उगाच भरून बसायची. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या कर-करारात एकविसावं कलम आहे. त्यानुसार आपल्या विद्यार्थ्यांना ठोक वजावट मिळते. बाकी बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. कित्येक मुलांना हे ठाऊकच नसायचं. शिवाय विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांच्या पगारातून पहिली पाच वर्षं सोशल सिक्युरिटीचे पैसे कापायचे नसतात, आणि मालक मंडळी अजाणता कापतात. ते परत मागायचा फॉर्म ८४३ नानांकडे गठ्ठ्याने छापून ठेवलेला असे. एखाद्या पोराला सहाशे-सातशे डॉलर परत मिळाले की नाना त्याच्याहून खूश. मग विचारायचे, "आईला फोन केलास का? आणि तिला आकडा सांग. नुसतं बरं चाललंय म्हणू नकोस."

आता ते पाच डॉलर. नाना मोटेलवाल्यांची, दुकानदारांची कामं करायचे, त्यांची फी वेगळी आणि रीतसर. पण नव्याने आलेल्यांना सगळ्यांना सरसकट पाच डॉलर. मी एकदा म्हटलं, "नाना, पाच डॉलरच घ्यायचे तर फुकटच का नाही करत?" ते म्हणाले, "फुकट घेतलं की माणूस दुसऱ्यांदा यायला लाजतो. पैसे दिलेले असले की हक्कानं भांडायला येतो." ते पैसे वहीत जमा होत, त्याची पावती मिळे, आणि वर्षाअखेरीला ती सगळी रक्कम 'अडीअडचण' या खात्यात जाई. त्यात त्यांचे स्वतःचेही असत, पण किती ते त्या पानावर बघावं लागे, त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

त्या खात्यातून काय खर्च झाला ते मी वाचलं आहे. कुणाची आई इकडे अत्यवस्थ असताना ऐन वेळी काढलेलं तिकीट. एका ड्रायव्हरच्या मुलाचा चष्मा. आणि चार वेळा, तिथे वारलेल्या माणसाचं शव भारतात पाठवण्याचा खर्च. परदेशात माणूस गेला की किती कागद लागतात याची इकडे कल्पना नसते. न्यूयॉर्कच्या आपल्या वकिलातीचं पत्र, अंत्यविधी करणाऱ्यांचा दाखला, विमान कंपनीचा होकार. घरचे रडत असतात, आणि कुणीतरी बसून हे फॉर्म भरावे लागतात. नाना भरायचे.

२००८ च्या मंदीत मी ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याच दिवसापासून त्याचा तिथला कायदेशीर मुक्कामच धोक्यात यायचा. साठ दिवसांची सवलत आली ती २०१७ साली. त्या हिवाळ्यात नानांच्या गॅरेजमध्ये गाडी ठेवायला जागा उरली नव्हती. तीन-चार कुटुंबांचे सोफे, पाळणे, टीव्ही तिथे रचलेले होते आणि प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली: कुणाचं, कधी ठेवलं, परत आले नाहीत तर कुणाला द्यायचं.

हे सगळं त्यांच्यात आलं कुठून, ते मला हळूहळू कळत गेलं. त्यांचे वडील इथल्या गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. कीर्द-खतावणी नाना वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकले. शाळा झाली, पुण्याला बी.कॉम. झालं, मुंबईत नोकरी करत सीए अर्धं केलं आणि १९७१ साली ते अमेरिकेला गेले. तेव्हा देशाबाहेर जाताना आठ डॉलर न्यायची परवानगी असायची. त्या आठाचा हिशेबही वहीत आहे. पहिल्याच ओळीत विमानतळावरून बसचं भाडं आणि एक कॉफी, आणि कॉफीपुढे कंसात लिहिलंय, 'नको होती'.

तिकडे आपली तीन वर्षांची पदवी त्यांच्या चार वर्षांच्या पदवीबरोबर धरत नसत, त्यामुळे सीपीए व्हायचा रस्ता बंद. नाना जर्सी सिटीतल्या एका गोदामात आल्यागेल्या मालाची बिलं जुळवायला लागले. रात्री अभ्यास करून त्यांनी एनरोल्ड एजंटची परीक्षा दिली. ती तिथल्या कर खात्याचीच परीक्षा असते, तिला पदवीची अट नाही, आणि ती झाली की करदात्याच्या वतीने खात्यापुढे उभं राहता येतं. नाना म्हणायचे, "मला कुणी पदवी विचारली नाही, फक्त कलम विचारलं. म्हणून मला ते खातं आवडतं." कर खातं आवडणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

जर्सी सिटीतली एक गोष्ट काकूंनी सांगितली, नानांनी कधी काढली नाही. १९८७ साली तिथे काही टोळकी भारतीयांच्या मागे लागली होती. बायकांच्या कपाळावरच्या कुंकवावरून त्यांनी स्वतःला 'डॉटबस्टर्स' म्हणवून घेतलं होतं. त्यांचं धमकीचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. शेजारच्या होबोकनमध्ये एका भारतीय तरुणाला इतकं मारलं की तो त्यातच गेला. काकू म्हणाल्या, "मी कुंकू लावणं सोडलं नाही, पण लोकरी टोपी पार भुवयांपर्यंत ओढायचे." नानांनी त्या दिवसांत एक वेगळी वही घातली. रोज संध्याकाळी आसपासच्या घरी जायचं आणि लिहून आणायचं: तारीख, वेळ, कोणता कोपरा, काय झालं, कुणी पाहिलं, पोलिसांनी नोंद घेतली की नाही. लोक घाबरलेले, बोलायला तयार नसत. नाना त्यांना म्हणत, "तुमचं नाव नको. वेळ तेवढी सांगा." सभेत भाषणं करणारे इतर होते. नानांनी त्यांच्या हातात तारीखवार बावीस पानं दिली.

घरच्यांसाठी त्यांनी काय केलं ते थोडक्यात सांगते, कारण तशी घरं तुमच्यापैकी अनेकांची आहेत. आईला दर महिन्याला पैसे आणि पत्र. धाकट्या भावाला तिकडे बोलवायचा अर्ज, त्याला अकरा वर्षं लागली, आणि त्या अकरा वर्षांत भावाच्या मुलांच्या वाढत्या वयाप्रमाणे दुरुस्त केलेले कागद. वडिलार्जित घरातला आपला वाटा त्यांनी हक्कसोडपत्र करून इथल्या धाकट्या बहिणीच्या नावे केला. त्या हक्कसोडीबद्दल शेवटी परत येते.

पण मला एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी आरती म्हणते आहे. नानांची लेक माझ्याच वयाची. तिचा वाढदिवस ९ एप्रिलचा. म्हणजे मुदतीला सहा दिवस उरलेले आणि तळघरात खुर्च्या भरलेल्या. तिच्या लहानपणी एकदाही तो वाढदिवस ९ तारखेला झाला नाही. केक आणायचे १६ ला. ती मला म्हणाली, "मी सातवीत जाईपर्यंत माझा वाढदिवस १६ एप्रिललाच असतो असं समजत होते." ती हे हसत सांगते. पण मी स्वतः आई झाल्यावर मला ते तितकंसं हसण्यासारखं वाटेना. जगाच्या अडचणीला धावणाऱ्या माणसाच्या घरी त्याची किंमत कुणीतरी मोजत असतं, आणि नानांच्या वहीत सगळं होतं, हे खातं नव्हतं. काकू सहा-सात जणांचा चहा दर शनिवारी दोन-तीनदा करायच्या. तेही कुठे लिहिलेलं नाही.

आता माझं. हे मी आजवर चारचौघांत सांगितलेलं नाही.

माझे बाबा २००७ साली निवृत्त झाले. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्यांनी इथल्या बँकेत मुदत ठेवीत टाकले आणि जोडीला माझं नाव लावलं. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात.' आपल्याकडे घरोघर हेच करतात, इथेही निम्म्या लोकांनी केलं असेल. पण अमेरिकेचा कर-रहिवासी असलेल्या माणसाचं नाव परदेशातल्या खात्यांवर असेल आणि त्या सगळ्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर ते तिथल्या सरकारला कळवावं लागतं. नुसतं कळवायचं. त्या फॉर्मला एफबार म्हणतात. दहा हजार म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचार लाख. बाबांची ठेव त्याहून बरीच जास्त होती.

नाना दर वर्षी प्रत्येकाला तो प्रश्न विचारायचे. "भारतात खातं? कुणाच्या जोडीला नाव?" मी दर वर्षी 'नाही' म्हणायचे. पहिल्यांदा न कळून. नंतर त्यांनी समोरच्या एकाला ते सविस्तर समजावताना मी ऐकलं, आणि तरी माझा नंबर आल्यावर 'नाही'च म्हटलं. पैसे बाबांचे, त्यात मला काय, उगाच कटकट कशाला, असं मनाशी म्हणत.

२०११ च्या मार्चमध्ये बाबा आमच्याकडे आले होते. काकूंनी जेवायला बोलावलं. कराडच्या गप्पा रंगल्या, आणि बाबा सहज म्हणाले, "मला काय बरोबर न्यायचंय? जे आहे ते पोरीच्या जोडीनं ठेवलंय बँकेत." नानांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आमटी वाढून घेतली आणि बाबांना गुळाचा भाव विचारला.

पुढच्या शनिवारी त्यांनी माझी फाइल माझ्याकडे परत सरकवली.

"तुझं खातं आहे."

"नाना, ते बाबांचं आहे."

"नाव कुणाचं आहे?"

"सगळेच असं करतात."

"सगळे माझी सही मागायला आलेले नाहीत. पैसे बाबांचे आहेत असंही लिहून देता येतं. मागच्या वर्षांचंही आत्ता दुरुस्त करू. पण लपवलेल्यावर मी सही करणार नाही."

खुर्च्यांवर माणसं होती. मला अपमान वाटला. मी फाइल उचलली आणि चहा न घेता निघाले. बाजारातल्या दुसऱ्या एका करवाल्याकडून विवरणपत्र भरून घेतलं. त्याने तो प्रश्न विचारलाच नाही, आपणच 'नाही'वर खूण केली. मी पैसे दिले आणि सुटले असं मला वाटलं.

चार वर्षं मी त्या घरी गेले नाही. त्यातलंच एक वर्ष २०१२. त्या वर्षापासून दहापेक्षा जास्त विवरणपत्रं भरणाऱ्यांना ती ऑनलाइनच भरायची सक्ती झाली. नानांचं वय तेव्हा एकोणसत्तर, आयुष्य कागद-पेन्सिलीत गेलेलं. रोज दहा तास कॉम्प्युटरपुढे बसणारी मी त्यांच्या घरापासून चार मैलांवर राहत होते. त्यांना ते शेजारच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने शिकवलं. वहीत त्याच्या नावापुढे 'शिकवणी' म्हणून रक्कम टाकली आहे, दर रविवारी. ती ओळ वाचताना मला कसं झालं ते मी सांगत बसत नाही.

मग २०१५ च्या जुलैत भारत आणि अमेरिकेत खात्यांची माहिती एकमेकांना द्यायचा करार झाला. बाबांचा फोन आला: "अगं, बँकेतून कागद आलाय. तुझा अमेरिकेतला कर नंबर मागतायत. काय लिहू?" मी त्या रात्री झोपले नाही.

शनिवारी नानांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. "आलीस? आत ये, चहा ठेवतेच आहे," एवढंच म्हणाल्या. खाली नानांनी कपाटातून माझ्या आडनावाचा फोल्डर काढला. २०११ ची त्यांची टिपणं त्यात तशीच होती, सहीची जागा मोकळी.

चूक दुरुस्त करायला तेव्हा दोन मार्ग होते. एक सोपा आणि कमी दंडाचा, पण त्यात शपथेवर लिहून द्यायचं की हे जाणूनबुजून केलेलं नाही. दुसरा लांबचा आणि महागडा. मी अर्थात पहिल्याचे कागद छापूनच नेले होते. नानांनी ते वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे तुला लिहिता येणार नाही. तुला माहीत होतं. मीच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक आहे, नाना."

"हो ना. म्हणजे दोघांना ठाऊक आहे," ते म्हणाले.

त्यांनी मला एका वकिलाचं नाव दिलं, कारण इथून पुढचं आपल्या अधिकारातलं नाही हे त्यांना कळत होतं. मी महागडा मार्ग घेतला. आकडा सांगत नाही, पण आमचं घर घेणं दोन वर्षं पुढे गेलं आणि त्यावरून घरात भांडणंही झाली. सगळी जुनी विवरणपत्रं नानांनी माझ्याबरोबर पुन्हा मांडली, सहा शनिवार. पेन्सिल माझ्याच हातात. शेवटी मी चेकबुक काढलं. त्यांनी पाच डॉलर घेतले आणि पावती दिली. त्या विषयावर पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही. बाबांना मी हे बऱ्याच नंतर सांगितलं. ते म्हणाले, "मला आधी बोलली असतीस तर नाव काढून टाकलं असतं की." इतकं सोपं होतं ते.

त्यानंतर दर शनिवारी मी तळघरात बसायला लागले. त्यांच्या 'अडीअडचण' खात्यासाठी मी कॉम्प्युटरवर सुंदर तक्ता करून दिला. त्यांनी त्याचं कौतुक केलं, छापून घेतला, आणि कात्रीने कापून वहीत चिकटवला.

२०२३ च्या फेब्रुवारीत नाना गेले. ऐंशी वर्षांचे होते. आधीच्या रविवारी त्यांचा फोन आला होता: "कागद कधी आणतेस?" मी म्हटलं, "येत्या शनिवारी." ते मंगळवारी गेले, झोपेतच. टेबलावर एकतीस फोल्डर होते, प्रत्येकावर काय राहिलंय त्याची चिठ्ठी. आम्ही तिघं-चौघं तळघरात बसलो. सही करायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाच नव्हता, पण त्यांच्या चिठ्ठ्या इतक्या स्पष्ट होत्या की ज्याचं त्याला बोलावून, पेन्सिल त्याच्या हातात देऊन बहुतेकांचं मार्गी लागलं. उरलेल्यांचे मुदतवाढीचे अर्ज भरले. नानांची लेक कॅलिफोर्नियाहून येऊन दोन महिने आईजवळ राहिली होती. ९ एप्रिलला आम्ही काम सात वाजता थांबवलं आणि केक आणला. काकूंनी तो कापताना घड्याळाकडे बघितलं, आणि मग सगळ्याच रडल्या.

वही आता माझ्याकडे आहे. आज बरोबर आणली आहे. त्यात एक खातं 'शाळा' नावाचं आहे. मघाशी हक्कसोडीचं म्हटलं ना, त्या घराच्या पुढच्या बाजूला, शनिवार पेठेत, दुकानाचा एक गाळा आहे. नाना अमेरिकेचे नागरिक झालेले. परदेशी पैसा घ्यायला संस्थेला परवाना लागतो, आणि नानांना आडवाटेने काही करायचं नव्हतं. म्हणून घरातला आपला वाटा त्यांनी बहिणीला दिला आणि फक्त एवढं म्हणाले की, तुला वाटलं तर गाळ्याचं भाडं शाळेतल्या गरजू मुलांच्या फीला दे. ताईंना वाटलं. दर जूनमध्ये त्या स्वतःच्या नावाने भरत आल्या आणि भावाला पत्राने कळवत आल्या. नानांनी तिकडे बसून नोंद ठेवली. प्रत्येक वर्षापुढे रक्कम, किती मुलं, आणि शेवटच्या रकान्यात 'पावती आली' किंवा 'पावती नाही'. मुलांची नावं कुठेही नाहीत. आपल्या तुकडीच्या वर्षांतही रकमा आहेत, १९८९, ९०, ९१. इथे बसलेल्यांपैकी कुणाची फी त्यात होती ते मला ठाऊक नाही आणि वहीवरून कळणारही नाही. तशीच सोय केली आहे.

ताई आज तिसऱ्या ओळीत बसल्या आहेत. त्याही याच शाळेच्या. त्यांनी उभं राहायला नकार दिला आहे, तेव्हा माना वळवून बघू नका, त्या रागावतील.

या जूनचं पाकीट त्यांनी माझ्याजवळ दिलं आहे. ते मी मुख्याध्यापकांकडे आता देते. आणि ऑफिसातल्या बाईंना एक विनंती आहे. वहीप्रमाणे गेल्या वर्षीच्या रकान्यात 'पावती नाही' असं आहे, आणि ते आता माझ्या अक्षरात आहे. मी परवा रात्री मुंबईहून निघते. दोन्ही पावत्या त्याआधी मिळाल्या तर बरं होईल.